शेवटचं नाव: खान्देशातल्या क्वांटम भूमितीच्या एका संशोधिकेचं प्रकरण

छाननी समितीच्या कागदावर एवढंच लिहिलं होतं: "संशोधन गुण ६९.८. किमान ७५ आवश्यक. अपात्र."

हा अर्ज होता माझ्या एका विद्यार्थिनीचा. पुढे ती आमच्याच विभागात सहकारी झाली आणि मी निवृत्त होईपर्यंत आम्ही शेजारच्या टेबलांवर बसलो. तिचं नाव, गाव, आमचं महाविद्यालय, तिने अर्ज केला ती संस्था यांतलं काही इथे देत नाही, एकदोन तपशीलही मुद्दाम बदलले आहेत. गुणांचा हिशोब मात्र आहे तसा ठेवला आहे, कारण सगळं प्रकरण त्या हिशोबातच आहे. ओळखीसाठी एक गोष्ट सांगणं भाग आहे: तिचं आडनाव इंग्रजीत डब्ल्यूपासून सुरू होतं.

इथून तिथे आणि परत

अमळनेर-पारोळा पट्ट्यातलं कोरडवाहू गाव. घरी कापूस, दोन बैलजोड्या, बोलणं अहिराणी. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला ती माझ्या वर्गात आली तेव्हा प्रमाण मराठीत प्रश्न विचारायलाही बिचकायची. वहीत मात्र फळ्यावरच्या सिद्धतेशेजारी दुसरी, लहान सिद्धता लिहिलेली असायची. त्या वर्षी मी तिच्याकडून एमटीटीएसचा अर्ज भरून घेतला. १९९३ पासून चालत आलेलं हे गणिताचं उन्हाळी शिबिर लहान गावांतल्या मुलांसाठी मोठं दार आहे. परत आल्यावर ती म्हणाली, "सर, तिथे उत्तर कोणी सांगतच नाही." तक्रार नव्हती ती. तिला पहिल्यांदाच आपल्या तब्येतीची माणसं भेटली होती.

पुढचं थोडक्यात सांगतो. एमएस्सीच्या प्रवेशाची जॅम परीक्षा, बाहेरच्या मोठ्या संस्थेत एमएस्सी, जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती, पीएचडी, मग पोलंडमध्ये वॉर्साला दोन वर्षं पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधन. वॉर्साच का, तर क्वांटम गटांच्या, म्हणजे सममितीच्या क्वांटम रूपांच्या, सिद्धान्ताचा एक पाया तिथे घातला गेला. पोलिश गणिती व्होरोनोविच यांनी १९८७ साली संहत (कॉम्पॅक्ट) क्वांटम गटांची मांडणी केली ती तिथूनच. वडिलांच्या आजारपणामुळे ती परत आली आणि आमच्याकडे तासिका तत्त्वावर शिकवू लागली. वर्षाकाठी जितके महिने तास, तितकेच महिने पैसे. उन्हाळा कोरडा. दोन वर्षांनी रोस्टरमध्ये जागा निघाली, नियमित नेमणूक झाली. त्या नेमणुकीला आठ वर्षं झाली तेव्हा तिने सहयोगी प्राध्यापकाच्या एका जागेसाठी अर्ज केला.

ती करते काय

हे सांगितल्याशिवाय पुढचा हिशोब कळणार नाही, म्हणून इथे जरा थांबतो.

मराठी वाचकाला "क्वांटम भूमिती" म्हटलं की अभय अष्टेकरांचं नाव आठवतं. १९८६ साली त्यांनी गुरुत्वाकर्षणाची समीकरणं नव्या चलांत मांडली आणि त्यातून जी क्वांटम भूमिती उभी राहिली तिच्यात क्षेत्रफळसुद्धा सलग नसून टप्प्याटप्प्याने येतं. ती वाट भौतिकशास्त्राची. आमच्या संशोधिकेची वाट शेजारची, पण शुद्ध गणिताची. तिचं मूळ एका साध्या निरीक्षणात आहे. एखाद्या जागेवरच्या प्रत्येक ठिकाणी एकेक संख्या ठेवली, समजा उंची किंवा तापमान, की एक फलन तयार होतं. अशी सगळी सलग फलनं आणि त्यांच्या बेरजा-गुणाकारांचे नियम माहीत असतील, तर जागा न पाहताही ती पुन्हा उभी करता येते. गेलफांड आणि नायमार्क यांचा हा १९४३ चा निष्कर्ष. या फलनांचा गुणाकार क्रमनिरपेक्ष असतो, शाळेत शिकलो तसा: अ गुणिले ब आणि ब गुणिले अ एकच.

आता तो नियम सोडून द्या. १९२५ पासून क्वांटम भौतिकीने तो सोडलेलाच आहे, तिथे स्थान आणि संवेग यांचा गुणाकार कोणत्या क्रमाने केला याला अर्थ असतो. आमच्या शेतकऱ्याला हे वेगळं समजवावं लागत नाही. धूळपेरणी करून मग पाऊस आला आणि पाऊस पडल्यावर पेरलं, यांतून एकच पीक येत नाही. गुणाकार क्रमावर अवलंबून ठेवायचा आणि तरीही "यामागची जागा कशी असेल" हा भूमितीचा प्रश्न विचारत राहायचा, ही अ‍ॅलन कॉन यांची क्रमसापेक्ष भूमिती. त्या जागेत बिंदू उरत नाहीत, तरी अंतर मोजता येतं, वक्रता विचारता येते, सममितीही विचारता येते.

तिचं काम या सममितीवर, म्हणजे मूळ रचना न मोडता जागा बदलण्याच्या प्रकारांवर, आहे. तीन वस्तूंच्या जागा आपसांत बदलायचे ६ प्रकार, चार वस्तूंचे २४. १९९८ साली शूझो वांग यांनी विचारलं, या अदलाबदली क्वांटम रीतीने करता आल्या तर? तीन वस्तूंपर्यंत नवं काहीच मिळत नाही, तेच ६ प्रकार. चौथी वस्तू आली की एकदम अनंत मितींचं बीजगणित उघडतं.

का, हे तिने आपल्या वडिलांना पोळ्याच्या दिवशी गोठ्यात समजावलं. मी तिथे होतो. चार बैल, दोन जू. पहिल्या जुवातल्या बैलांनी उजवी-डावी बाजू बदलली का, हा एक हो-नाहीचा प्रश्न. दुसऱ्या जुवातल्यांनी बदलली का, हा दुसरा. रोजच्या जगात कोणताही प्रश्न आधी विचारा, उत्तरं तीच. क्वांटम जगात हे दोन प्रश्न असे निवडता येतात की कोणता आधी विचारला यावर उत्तर फिरतं. तीनच बैल असले तर दोन स्वतंत्र जोड्याच निघत नाहीत. पुरी सिद्धता याहून लांब आहे, पण मर्म हेच. वडील बैलाच्या शिंगाला बेगड लावता लावता म्हणाले, "म्हंजे चौथा बैल उना की भानगड सुरू." चाळीस वर्षं शिकवून मला हे इतक्या कमी शब्दांत सांगता आलं नसतं.

बिंदूंना रेषांनी जोडून आलेख केला की प्रश्न अवघड होतो: या आलेखाला क्वांटम सममिती आहे की नाही? टीवायची, म्हणजे पदवीच्या तिसऱ्या वर्षाची, मुलं ज्याला ओळखतात तो पीटरसन आलेख घ्या, १० बिंदू, १५ रेषा, नेहमीच्या सममिती १२०. त्याला वेगळी क्वांटम सममिती नाही, हे सिद्ध व्हायला २०१८ उजाडलं. भारतात या क्षेत्राची जुनी परंपरा आहे. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतले देबाशिष गोस्वामी यांनी २००९ मध्ये क्वांटम समदूरी गटाची (अंतरं न बदलणाऱ्या क्वांटम सममितींची) व्याख्या दिली, २०१२ मध्ये त्यांना भटनागर पुरस्कार मिळाला. संहत, सलग, गुळगुळीत पृष्ठांना खरीखुरी क्वांटम सममिती नसते, हा त्यांचा निष्कर्ष छापून आला तो २०२० मध्ये. मूळ व्याख्या आणि हा निष्कर्ष यांच्यामधली ११ वर्षं वाचकाने लक्षात ठेवावीत. या विषयाचं घड्याळ असं चालतं.

६९.८ कसे झाले

भरतीसाठी २०१८ साली देशभर लागू झालेल्या नियमावलीत संशोधनाचा तक्ता आहे. सहयोगी प्राध्यापकासाठी निदान ७ शोधनिबंध आणि ७५ संशोधन गुण लागतात. विज्ञान शाखेत एका निबंधाला ८ गुण. नियतकालिकाचा प्रभावांक १ पेक्षा कमी असेल तर त्यावर १० जादा, १ ते २ असेल तर १५, असं करत १० च्या वर असेल तर ३०. दोन लेखक असतील तर प्रत्येकाला एकूण गुणांच्या ७० टक्के. दोनपेक्षा जास्त असतील तर पहिल्या, मुख्य किंवा पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाला ७० टक्के आणि बाकीच्यांना ३० टक्के. शिवाय गुण सहापैकी निदान तीन वेगवेगळ्या विभागांतून यावे लागतात.

तिचे ७ निबंध होते. सगळे प्रभावांक १ च्या खालच्या नियतकालिकांतले, म्हणजे प्रत्येकी १८ गुणांचे. रसायन किंवा जीवशास्त्राच्या माणसाला हा प्रभावांक वाचून वाटतं की नियतकालिक सुमार असणार. तसं नाही. प्रभावांक मागच्या दोन वर्षांतल्या लेखांना मिळालेले संदर्भ मोजतो, आणि गणितात निबंध वाचून पचायलाच दोन वर्षं जातात. लोक वीस-तीस वर्षं जुन्या निबंधाचा आधार घेतात, तोही मोजका. तिच्या शाखेतल्या चांगल्या नियतकालिकांचे आकडेही १ च्या आसपास फिरतात.

एक निबंध एकटीचा: १८. दोन निबंध दोघांचे: प्रत्येकी १२.६, मिळून २५.२. चार निबंध तिघांचे. त्या चारही निबंधांवर तिचं नाव शेवटी होतं, म्हणून समितीने ३० टक्के धरले: प्रत्येकी ५.४, मिळून २१.६. निबंधांचे झाले ६४.८. विद्यार्थ्यांसाठी एका घटकाचं ई-साहित्य तयार केलं होतं, त्याचे ५. बेरीज ६९.८.

तिचं नाव शेवटी का, तर डब्ल्यू. गणितात सहलेखकांची नावं आडनावाच्या वर्णक्रमाने लावतात. कोणी किती केलं याचा त्या क्रमाशी काही संबंध नसतो. अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीने २००४ मध्ये याबद्दल स्वतंत्र निवेदनच काढलं आहे: गणितातल्या बहुतेक शाखांत संयुक्त काम ही कल्पनांची आणि कौशल्यांची देवाणघेवाण असते, ती माणसागणिक वाटून दाखवता येत नाही, आणि नावं वर्णक्रमाने येतात. समितीत वाईट माणसं नव्हती. एक सदस्य रसायनशास्त्राचे होते आणि त्यांच्या विषयात पहिलं नाव म्हणजे ज्याने प्रयोगशाळेत रात्री काढल्या तो. त्यांच्या विषयाला हा तक्ता बऱ्यापैकी बसतो. आमच्या विषयात त्याने एवढंच मोजलं की तुमचा जन्म कोणत्या आडनावाच्या घरात झाला.

मला सगळ्यात जास्त बोचली ती एक तुलना. त्या चारातल्या एका निबंधाला पावणेतीन वर्षं लागली. मध्ये एक उपप्रमेय चुकलं, सहा महिन्यांचं काम टाकून द्यावं लागलं, मग नव्या वाटेने ते सुटलं. त्याचे ५.४. एका घटकाचं ई-साहित्य तिने दिवाळीच्या सुट्टीत तयार केलं. त्याचे ५.

माझी चूक

अर्जाच्या चार वर्षं आधी मीच तिला म्हणालो होतो, "अगं, थोडं सोपं लिही. स्थिरबिंदूंवर वर्षाला दोन निबंध सहज होतील." स्थिरबिंदू हा झटपट निबंध निघणारा विषय, आणि विभागप्रमुख म्हणून मला नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयांना श्रेणी देणाऱ्या संस्थेच्या, अहवालातला निबंधांचा रकाना भरायचा होता. आजूबाजूला पैसे भरून आठ दिवसांत छापून देणारी नियतकालिकंही होती. तसलं मी कधी सुचवलं नाही, पण सोप्या, पातळ कामाकडे मी तिला ढकललं हे खरं आहे.

ती म्हणाली, "सर, करता येईल. पण मग बुधवार जाईल."

बुधवार म्हणजे काय, ते मला तेव्हा नीट कळलं. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास अध्यापन. त्यावर परीक्षा, पेपर तपासणी, प्रवेश समिती, निवडणुकीचं काम, नॅकच्या फायली. तिच्या वेळापत्रकात फक्त बुधवारी सलग अडीच तास मोकळे यायचे. त्याच वेळात ती ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत बसायची आणि वॉर्सातल्या व कोलकात्यातल्या सहलेखकांशी बोलायची. नवे निबंध आर्काइव्ह या खुल्या संकेतस्थळावरून फुकट उतरवून घ्यायची, कारण महागडी नियतकालिकं आमच्याकडे येत नव्हती. प्रयोगशाळा नको, यंत्र नको, अनुदान नको. हा विषय तालुक्याच्या गावातून करता येतो, फक्त सलग वेळ लागतो. तुकड्यातुकड्यांचे चार तास आणि एकत्र अडीच तास यांत इथे जमीन-अस्मानाचा फरक आहे. मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, दुपारी वीज जाते, तेव्हाही ती ओला पंचा खिडकीला लावून बसलेली मी पाहिली आहे.

त्यानंतर मी दोन गोष्टी केल्या. स्थिरबिंदूंचा विषय कायमचा सोडला. आणि वेळापत्रकात तिचे बुधवारचे उरलेले दोन तास मी घेतले, माझे सोमवारचे तिला दिले. अकरानंतरचा सगळा बुधवार तिचा झाला. स्टाफरूममध्ये कुरबुर झाली. एका सहकाऱ्याने विचारलं, हिलाच का? मी म्हणालो, तुम्हीही तीन वर्षं टिकणारा प्रश्न आणा, तुमचाही वार मोकळा करतो. आजही माझं तेच म्हणणं आहे.

त्याच हिवाळ्यात आम्ही टीवायच्या मुलांना चाळीसगावजवळ पाटणादेवीला नेलं. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ, सिद्धान्तशिरोमणीपासून सगळे, शिकवण्यासाठी पाटणला मठ काढला. त्याचा शिलालेख शके ११२८ चा आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो १८६५ मध्ये उजेडात आणला. मुलांना भास्कराचार्य ऐकून माहीत असतात. मला त्यांना शिलालेखाचा शेवटचा भाग सांगायचा होता, जिथे भाषा जुनी मराठी होते. तिथे पैशाची व्यवस्था लिहिली आहे: पाटणच्या बाजारात माल उघडला की त्यावर राजाला मिळणारा वाटा मठाला दिला. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी खान्देशातल्या बाजारपेठेच्या करावर गणित शिकणाऱ्यांचा वेळ पोसला जात होता, आणि तो करार दगडात कोरून ठेवला होता. ती बराच वेळ तिथे उभी होती. मग म्हणाली, "सर, यात किती ग्रंथ लिहून द्यायचे ते लिहिलेलं नाही."

फेरविचार

अपात्रतेनंतर आक्षेपासाठी मुदत मिळाली. आम्ही तिघं बसलो: ती, आमचे ग्रंथपाल आणि मी. पहिला प्रश्न लेखकक्रमाचा. अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीचं निवेदन जोडलं, त्याचा मराठी सारांश जोडला. दोन सहलेखकांनी सही करून पत्रं दिली की तिघांचा वाटा समान आहे.

दुसरा प्रश्न विभागांचा. गुण दोनच विभागांतून आले होते, तिसरा हवा होता. परदेशातल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत निमंत्रित व्याख्यानाला ७ गुण असतात. तिने वॉर्सात अशी व्याख्यानं दिली होती, पण प्रमाणपत्र एकाचंही नव्हतं. तिकडे फळ्यावर बोलायचं, प्रश्नांना उत्तरं द्यायची, कॉफी प्यायची, संपलं. आपल्याकडे मात्र शाल, श्रीफळ आणि प्रमाणपत्र. तिने जुने ईमेल धुंडाळले. एका परिषदेचं निमंत्रणपत्र आणि छापील कार्यक्रमपत्रिका मिळाली, तिच्यात तिचं नाव होतं.

समितीने काय मानलं? समान वाट्याचा युक्तिवाद मानला नाही. तक्त्यात तशी तरतूद नाही, असं सांगितलं. सदस्यांनी निवेदन वाचलं होतं, एकाने ते पटल्याचंही सांगितलं, पण रकाना तोच राहिला. मात्र चारपैकी एका निबंधाच्या पहिल्या पानावर तळटीपेत पत्रव्यवहारासाठी तिचा ईमेल छापलेला निघाला. तिघांपैकी कोणी तरी तो निबंध नियतकालिकाकडे पाठवायचा होता, त्या दिवशी बाकीचे दोघे प्रवासात होते आणि सबमिटचं बटण तिने दाबलं होतं. म्हणून त्या निबंधाला ५.४ ऐवजी १२.६. निमंत्रणपत्र मानलं, त्याचे ७. बेरीज ८४. पात्र.

तोच निबंध, तेच प्रमेय, तीच तीन माणसं. ७.२ गुणांचा फरक पडला तो एका ईमेल पत्त्याने. चारही निबंधांना ७० टक्के धरले असते तर तिची बेरीज १०५.६ झाली असती. ती पात्र झाली याचा मला आनंद झाला. पण ते जुनं निमंत्रणपत्र सापडलं नसतं तर तिसरा विभाग भरला नसता आणि एवढं काम करणारी बाई मुलाखतीच्या दारापर्यंतही पोचली नसती, हे विसरायला मी तयार नाही.

मुलाखतीत तज्ज्ञांनी वीस मिनिटं गणितच विचारलं. चौथ्या बिंदूला काय होतं, हेही विचारलं, आणि तिने बैलजोड्यांचंच उदाहरण दिलं. निवड दुसऱ्या उमेदवाराची झाली. तो माणूस चांगला आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. ती आमच्याच महाविद्यालयात आहे. मी निवृत्त झाल्यावर बुधवारचा प्रश्न पुन्हा निघाला. नव्या प्रमुखांना मी हा सगळा हिशोब कागदावर मांडून दाखवला, आणि त्यांनी तो वार तसाच ठेवला. राष्ट्रीय क्वांटम मोहीम २०२३ मध्ये मंजूर झाल्यापासून, ६००३.६५ कोटींचा आकडा वर्तमानपत्रांत आल्यापासून, पालक तिला विचारतात की क्वांटममध्ये नोकऱ्या आहेत का. ती मुलांना आधी रेषीय बीजगणित पक्कं करायला सांगते. दोन मुली बुधवारी तिच्याजवळ बसतात. एकीने लहान आलेखांची क्वांटम सममिती हाताने तपासायला घेतली आहे.

वडिलांचा प्रश्न तोच असतो, "माय, तुना हिशोब कव्हय लागी?" म्हणजे तुझा हिशोब कधी लागणार? ते पगाराबद्दल विचारतात की प्रमेयाबद्दल, हे तिलाही कधीकधी कळत नाही.

गेल्या पावसाळ्यात तिचा आठवा निबंध पुरा झाला. पुन्हा तिघांचा, पुन्हा तिचं नाव शेवटी. मसुदा तिने मला वाचायला पाठवला. पहिल्या पानाच्या तळटीपेत तिघांचेही ईमेल होते आणि त्यांच्या वर एक ओळ: "लेखकांची नावं वर्णक्रमाने आहेत. तिघांचा वाटा समान असून तिघंही पत्रव्यवहारासाठी जबाबदार आहेत." बुधवारी दुपारी तिने तो आर्काइव्हवर टाकला आणि दुसऱ्या दिवशी टीवायच्या वर्गावर गेली.